लॉगिन ओळखपत्राबरोबरच द्या

नवे शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांना २०२४-२५ पासून लागू झाले. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते आणि त्यासाठी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. म्हणजे २०२७-२८ हे संलग्न महाविद्यालयांतल्या पहिल्या तुकडीचे वर्ष. गडहिंग्लज, शहादा, वरुड, परळी अशा गावांतली कला-वाणिज्य शाखेची मुलेमुली तेव्हा पदवीच्याच वर्गात प्रबंध लिहायला बसतील. ती वाचणार काय आणि ते वाचन त्यांच्यापर्यंत पोचणार कसे, याकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पैशांअभावी हे अडले आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तो बराचसा चुकीचा आहे. यूजीसीच्या गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राची, महाविद्यालयांना ऑनलाइन वाचनसाहित्य पुरवणारी एन-लिस्ट ही योजना २०१० पासून चालू आहे. अनुदानित महाविद्यालयासाठी तिचे वार्षिक शुल्क ५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये असे राहिले आहे. त्यात सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि दोन लाखांच्या आसपास ई-पुस्तके मिळतात. यादी बदलत असते, म्हणून दर वर्षी ती नव्याने पाहावी लागते. दीड हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात हा खर्च विद्यार्थ्यामागे वर्षाला चार रुपयेही पडत नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, कृषी ही महाविद्यालये या योजनेबाहेर आहेत. पण ज्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांत हे चौथे वर्ष येऊ घातले आहे, त्यांतल्या अनेकांनी ही वर्गणी भरलेली आहे. अडते ते त्याच्या पुढे.

वर्गणी महाविद्यालय भरते, पण एन-लिस्टचे लॉगिन प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाने निघते. ग्रंथपालाने नाव, ईमेल, विभाग, वर्ग अशी यादी भरून प्रणालीत चढवायची, मग प्रत्येकाच्या ईमेलवर वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड जातो. घोळ होतो तो इथे. प्रवेश अर्जावर मुलाने सायबर कॅफेवाल्याचा किंवा मोठ्या भावाचा ईमेल दिलेला असतो, पासवर्ड तिकडे जातो. योग्य पत्त्यावर गेला तरी स्पॅममध्ये पडून राहतो. वर्गणीचे नूतनीकरण लांबले की सगळी खाती एकदम बंद पडतात आणि मुलांना वाटते की आपलाच पासवर्ड चुकला. या खटाटोपाला कंटाळून काही ठिकाणी प्राध्यापकांची तेवढी खाती काढली जातात आणि विद्यार्थ्यांना 'हवे असेल त्याने मागून घ्यावे' असे सांगितले जाते. जे अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, ते कोण मागणार?

म्हणून आमची पहिली मागणी अशी की प्रथम वर्षाचा प्रवेश पक्का होतानाच लॉगिन निघाले पाहिजे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर, त्याच्या समोर, त्याचा स्वतःचा ईमेल उघडून खात्री करायची, त्याच दिवशी यादीत नाव चढवायचे आणि ओळखपत्र हातात देताना एकदा लॉगिन करवून घ्यायचे. प्रवेशाच्या खिडकीवर यासाठी विद्यार्थ्यामागे जेमतेम पाच-सात मिनिटे जातात. तिथे छायाचित्र घेतले जाते, आधार क्रमांक घेतला जातो. हे त्याच रांगेतले काम आहे.

यात महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचाही हात आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. मूल्यांकनाच्या निकषांत ग्रंथालयाने ई-नियतकालिके, ई-पुस्तके, डेटाबेस यांची वर्गणी भरली आहे का, घरून वापरता येते का, असे विचारले जाते. पावती जोडली की उत्तर होकारार्थी होते. वापराची आकडेवारीही मागितली जाते खरी, पण वर्गणीच्या पावतीला जे महत्त्व आले ते एकूण विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी वर्षात एक तरी लेख उघडला या साध्या प्रमाणाला आले नाही. ते आले तर प्राचार्य स्वतः लॉगिनचा पाठपुरावा करतील.

आता दुसरी मागणी. शोधायचे कसे हे शिकवावे लागते, आणि ते ग्रंथपालाने तासिकेत, क्रेडिट धरून शिकवावे. वर्षाच्या सुरुवातीला सभागृहात तीनशे मुलांसमोर होणाऱ्या तासाभराच्या 'ओरिएंटेशन'ने हे साधत नाही. पडद्यावर संकेतस्थळाचे मुखपृष्ठ दिसते, टाळ्या वाजतात, आणि विषय संपतो.

प्रत्यक्षात शिकवायचे म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रिया. विद्यार्थी जेस्टोर या संशोधनलेखांच्या डेटाबेसच्या शोधचौकटीत अख्खे इंग्रजी वाक्य टाकतो, 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या समस्या' या अर्थाचे. 'समस्या' आणि 'जिल्हा' हे शब्द हजारो असंबद्ध लेखांत असतात, त्यामुळे पहिल्या पानावर भलतेच काही तरी येते. मुलगा निष्कर्ष काढतो की या विषयावर काही लिहिलेलेच नाही.

त्याऐवजी कागदावर तीन रकाने आखायचे: कोण, कोणते काम, कुठे. पहिल्यात 'विमेन' आणि 'जेंडर'. दुसऱ्यात उसासाठी 'शुगरकेन' हा जोडून लिहिलेला शब्द आणि 'शुगर केन' हा तोडून लिहिलेला, दोन्ही. शिवाय 'कटर', 'हार्वेस्टर', 'मायग्रंट' आणि 'लेबर'ची ब्रिटिश व अमेरिकी अशी दोन्ही स्पेलिंग. तिसऱ्यात बीडचे आजचे स्पेलिंग, त्याशिवाय 'बिड' आणि निजामाच्या काळातल्या कागदपत्रांत येणारे 'भीर', मग मराठवाडा, मग महाराष्ट्र. एका रकान्यातले पर्याय 'ऑर'ने जोडून कंसात घालायचे आणि रकाने एकमेकांना 'अँड'ने जोडायचे. दोन शब्दांची जोडी अखंड हवी असेल तर तिला अवतरणचिन्हे. शब्दाचा बदलता शेवट गाळून तिथे तारांकन दिले की त्या धातूची सगळी रूपे येतात. 'मायग्रंट', 'मायग्रेशन', 'मायग्रेटरी' वेगवेगळे टाइप करावे लागत नाहीत. निकाल फार आले तर शोध शीर्षक आणि सारांशापुरता आवळायचा. फार कमी आले तर पहिल्यांदा 'कुठे' हा रकाना सैल करायचा, बीडवरून मराठवाड्यावर आणि तिथून महाराष्ट्रावर यायचे. तो सैल केला की खानदेशातून दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या तोडकऱ्यांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस केलेले लेखन हाती लागते. बीडचा त्यात संबंध नाही, पण उचल, कोयता, मुकादम ही सगळी व्यवस्था कशी अभ्यासायची याचा पाया तिथे मिळतो. बीडवरच अडून बसलेल्या शोधात हे कधीच आले नसते.

एक चांगला लेख मिळाला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जायचे आणि गूगल स्कॉलरवर तोच लेख काढून पुढे कुणी त्याचा आधार घेतला ते पाहायचे. कोणत्या तारखेला, कोणत्या डेटाबेसमध्ये, नेमके कोणते शब्द टाकले आणि किती निकाल आले हे वहीत टिपून ठेवायचे. ही नोंद नसेल तर आठवड्याने तोच शोध पुन्हा करावा लागतो, आणि प्रबंधातल्या 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणाला टेकू राहत नाही.

एवढे शिकवायला संगणक कक्षात वीस-पंचवीस मुलांच्या गटाला दीड-दीड तासाच्या चार बैठका लागतात. दुसऱ्या वर्षी फील्ड प्रोजेक्ट असतो. या बैठका त्याच्या क्रेडिटमध्येच धरता येतील. संशोधनपद्धतीचा पेपर चौथ्या वर्षी आहे, पण तोपर्यंत विषय ठरवायची वेळ आलेली असते आणि शोधायची सवय लागायला उशीर झालेला असतो. आता, हे शिकवणार कोण? अनेक अनुदानित महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिक्त आहे आणि कारभार साहाय्यकावर किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या अतिरिक्त जबाबदारीवर चालतो. पुस्तकांची देवघेव त्यातून निभते. शिकवणे निभत नाही. संशोधनाचे चौथे वर्ष सुरू करण्याची मान्यता देताना विद्यापीठाने पूर्णवेळ ग्रंथपालाची अट घातली पाहिजे, जशी प्रयोगशाळेची अट विज्ञान शाखेला घातली जाते.

डेटाबेसच्या काही मर्यादा आधीच सांगितल्या नाहीत तर मुले हिरमुसून सोडून देतात. जेस्टोरवर पुष्कळ नियतकालिकांचे ताजे अंक नसतात. प्रकाशकाशी ठरल्याप्रमाणे साधारण तीन ते पाच वर्षांचे अंतर राखले जाते आणि दर वर्षी ते एका वर्षाने पुढे सरकते. त्यामुळे गेल्या दोन वर्षांतले काही सापडत नाही तेव्हा दोष शोधाचा नसतो, तो भाग प्रकाशकाच्या स्वतःच्या स्थळावर पाहायचा असतो. निकालांत लेख दिसतो पण उघडत नाही, तेव्हा तो आपल्या वर्गणीत नसतो. 'मला वाचता येतील तेवढेच दाखवा' ही खूण केली की हा त्रास वाचतो. पण मग महत्त्वाचा लेख नजरेआडही होतो, म्हणून एकदा खूण काढूनही पाहावे आणि न उघडणाऱ्या लेखांची यादी ग्रंथपालाकडे द्यावी. आणखी एक गोष्ट बजावून सांगायला हवी. एका रात्रीत एखाद्या नियतकालिकाचे सगळे खंड उतरवून घेण्याचा मोह कुणी करू नये. प्रकाशकाची यंत्रणा असा उपसा ओळखते आणि खाते, कधी कधी अख्ख्या संस्थेचे जोडणीक्रमांक (आयपी पत्ते), बंद करते. एकाच्या हौसेपायी सगळ्यांचे वाचन थांबते.

ई-पुस्तकांचे नियम वेगळे, आणि तिथे गोंधळही जास्त. काही पुस्तके एका वेळी एकाच वाचकाला, काही तिघांना, काही कितीही जणांना उघडता येतात. ते परवान्यावर ठरते. एकाचाच परवाना असलेले पुस्तक कुणी ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडे ठेवून जेवायला गेला तर दुसऱ्याला 'पुस्तक वापरात आहे' असे दिसत राहते. वाचून झाले की बाहेर पडणे ही इथली शिस्त आहे. अनेक मंचांवर प्रकरण पीडीएफमध्ये कायमचे घेता येते, पण अख्खे पुस्तक ठरावीक दिवसांसाठी उसने मिळते, त्याला अडोबीचे वेगळे वाचनसॉफ्टवेअर लागते आणि मुदत संपली की ते उघडेनासे होते. प्रबंधासाठी बहुधा दोन प्रकरणेच लागतात. ती उतरवावीत, उसनवारीच्या भानगडीत पडू नये.

संदर्भ देताना पृष्ठक्रमांकाची चूक हमखास होते. पीडीएफ वाचकाच्या वरच्या पट्टीत ६१ दिसते ते फाइलमधले एकसष्टावे पान. त्या पानावर छापलेला आकडा ४५ असू शकतो, कारण अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, प्रस्तावना यांची सोळा पाने आधी येतात. संदर्भात छापील आकडाच द्यायचा. ईपब प्रकारच्या पुस्तकात अक्षर मोठे केले की पाने बदलतात, त्यामुळे तिथे प्रकरण आणि उपशीर्षक द्यावे. बहुतेक मुलांकडे वाचायला मोबाइलच असतो हेही ध्यानात घ्यायला हवे. दोन रकान्यांची पीडीएफ सहा इंची पडद्यावर वाचणे म्हणजे छळ आहे. लेखाची वेबपानाची आवृत्ती उपलब्ध असेल तर तीच उघडावी, आणि नसेल तेव्हासाठी ग्रंथालयाचा संगणक कक्ष संध्याकाळी सात-आठपर्यंत उघडा असावा. सकाळच्या सत्रानंतर कामावर जाणाऱ्या मुलांना दुपारी कुलूप लागणाऱ्या कक्षाचा काय उपयोग?

यावर एक आक्षेप हमखास येतो: गूगल आहे, आता तर एआय आहे, मग हा जुना खटाटोप कशाला? एआयवर चालणारे चॅटबॉट संदर्भ रचून देतात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिकाचे नाव खरे, आणि तो लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असे घडते. ओळखायला अवघड नाही. लेखाचा डीओआय, म्हणजे त्याची कायमची ऑनलाइन ओळख असलेला क्रमांक, जो दहाच्या आकड्याने सुरू होतो, तो डीओआयच्या स्थळावर टाकायचा. भलताच लेख निघाला किंवा काहीच निघाले नाही, तर संदर्भ बनावट समजायचा. डीओआय नसेल तर त्या वर्षाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका डेटाबेसमध्ये उघडून पाहायची. म्हणजे एआय वापरायचे असेल तरी त्याची पडताळणी करायला डेटाबेस लागतोच. शिवाय यूजीसीने दर्जेदार मानलेल्या नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केली. ती यादी निर्दोष नव्हती, पण पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांपासून नवख्या मुलाला थोडा तरी आडोसा देत होती. आता पारख करण्याचे ओझे त्याच्यावरच आले आहे, आणि जाणत्या संपादकांची नियतकालिके वाचून नजर तयार झाल्याशिवाय पारख येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मान्य करायला हवा. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला या सगळ्यात मराठी फारच थोडे मिळते. वर्गणीच्या डेटाबेसांत मराठी नियतकालिके जवळजवळ नाहीत. जे मोठे भांडार आहे ते शोधगंगेत: पीएचडीचे प्रबंध ऑनलाइन जमा करण्याचा यूजीसीचा नियम २००९ चा, आणि आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध कुणालाही लॉगिनशिवाय वाचता येतात. त्यांतले मराठी प्रबंध मात्र शोधणाऱ्याच्या हाताला लागत नाहीत. याची कारणे तांत्रिक आहेत आणि दूर करण्यासारखी आहेत.

पुष्कळ प्रबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झाले. पडद्यावर ते मराठी दिसतात, पण फाइलच्या आत रोमन अक्षरांची सरमिसळ असते. त्यामुळे देवनागरीत शब्द टाकून त्या फाइलमध्ये काहीच सापडत नाही आणि उतारा कॉपी केला तर अगम्य चिन्हे येतात. काही तर छापील पानांची नुसती छायाचित्रे आहेत. शीर्षके कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये नोंदलेली. रोमनमध्ये 'ग्रामीण' दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते, 'ज्ञान' त्याहून जास्त. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या आजच्या पद्धतीत, टाइप केलेल्या मजकुरातही सापळे आहेत. 'ॲट्रॉसिटी'तला 'ॲ' एका स्वतंत्र अक्षरानेही उमटतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधयंत्राला हे दोन वेगळे शब्द. जोतीराव की ज्योतिराव, हा प्रश्न तर नावापासूनच सुरू होतो.

हे अडथळे दूर होईतोवर विद्यार्थ्याने करायचे काय? शोधगंगेत शोधचौकटीवर विसंबू नये. विद्यापीठांच्या यादीतून आपले विद्यापीठ, मग मराठी किंवा इतिहास किंवा समाजशास्त्र विभाग, असे उतरत जाऊन शीर्षकांची यादी डोळ्यांखालून घालावी. प्रबंध सापडला की प्रकरणवार फाइलींतली शेवटची, संदर्भग्रंथांची फाइल आधी उघडावी. चाळीस-पन्नास मराठी संदर्भ एका जागी मिळतात. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह, राज्य मराठी विश्वकोशाचे ऑनलाइन खंड, साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत ई-पुस्तके, राज्याच्या दर्शनिका विभागाचे जिल्हा गॅझेटिअर हे सगळे खुले आहे. ज्यांच्या महाविद्यालयाकडे वर्गणी नाही, त्यांना जेस्टोरवर वैयक्तिक मोफत खाते काढून तीस दिवसांत शंभर लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात. पण विद्यापीठांनी आपला वाटा उचलला पाहिजे. नवा प्रबंध युनिकोडमध्ये नसेल तर तो जमा करून घेऊ नये, आणि जुन्यांचे शीर्षक व सारांश तरी देवनागरीत नव्याने नोंदवावेत. विभागवार वाटून घेतले तर हे दोन उन्हाळी सुट्ट्यांत उरकणारे काम आहे.

राहिला प्रश्न 'एक राष्ट्र, एक सदस्यता' या योजनेचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा आवाका आहे. योजना मोठी आहे आणि स्वागतार्ह आहे. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रात उच्च शिक्षण खेड्यापाड्यांत नेले ते खासगी शिक्षणसंस्थांनी, सरकारी अनुदानावर. शिक्षकांचे पगार सरकार देते, आरक्षण आणि शुल्काचे नियम सरकारचे, विद्यार्थी शेतकरी-मजुरांच्या घरचे, आणि तरीही व्यवस्थापन खासगी असल्यामुळे ही महाविद्यालये पहिल्या टप्प्याच्या बाहेर राहतात. ज्या विद्यार्थ्याला विकत घेऊन वाचणे सर्वांत अवघड, तोच वगळला जातो. शिवाय ही योजना नियतकालिकांची आहे. पदवीच्या मुलाला आधी लागतात ती पुस्तके, आणि त्यासाठी एन-लिस्टला आज पर्याय नाही.

मंजूर झालेली तीन वर्षे डिसेंबर २०२७ मध्ये संपतात, म्हणजे चौथ्या वर्षाची पहिली मोठी तुकडी प्रबंध लिहीत असतानाच. पुढचा करार कुणाकुणाला सामावून घेईल हे त्याआधी ठरेल, आणि तिथे आकड्यांशिवाय कुणी ऐकत नाही. आज अनुदानित महाविद्यालयांचा वापर कमी दिसतो, कारण खातीच काढलेली नाहीत. त्यावरून गरजच नाही असा अर्थ काढला जाईल. उच्च शिक्षण संचालनालयाने याच वर्षी प्रत्येक महाविद्यालयाकडून तीन आकडे मागवावेत: एकूण विद्यार्थी किती, चालू लॉगिन किती, आणि वर्षभरात किती वेळा लेख मागितला गेला पण परवाना नसल्याने उघडला नाही. तिसरा आकडा प्रकाशकांच्या वापर-अहवालांत स्वतंत्रपणे नोंदलेला असतो, ग्रंथपालाने मागितला तर मिळतो. अनुदानित महाविद्यालयांच्या बाजूने मांडायला याहून भक्कम पुरावा नाही, आणि तो जमायचा तर मुलांच्या हाती येत्या जूनमध्ये लॉगिन पडले पाहिजे.